ग्राही प्रथिने आणि दाहाचे कोडे



गुरुवर्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा मनापासून ऋणी आहे. या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि समाजकारण या विषयांवर थोरामोठ्यांची व्याख्याने झालेली आहेत. मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. तेव्हा माझ्या रोजच्या कामातलाच एक विषय आपल्यापुढे ठेवावा, असे मी ठरविले. पेशी, प्रथिन, जनुक हे शब्द मी हैदराबादेतल्या याच शाळेत, याच भाषेत प्रथम ऐकले. त्या शब्दांच्या आधाराने आजचा विषय मांडता यावा, अशी माझी इच्छा आहे.

विषय असा आहे: आपल्या शरीरात दाह का होतो, दाहाचा निरोप पेशी कशी ऐकते, तो ऐकणारे ग्राही प्रथिन माणसाने पेशीबाहेर कसे घडविले आणि त्या प्रथिनाने आपल्याला काय शिकविले. यातील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण एकाच प्रथिनाच्या वापरातून काही रुग्णांचे जखडलेले सांधे मोकळे झाले, आणि त्याच प्रथिनाच्या मोठ्या मात्रेने दुसऱ्या काही रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. या दोन निकालांमधील अंतर समजून घेणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

दाह: रक्षक आणि भक्षक

पायात काटा रुतला, की काही वेळाने ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. पुढे त्यांत पाचव्या लक्षणाची भर पडली, ती म्हणजे त्या अवयवाचे कार्य खुंटणे. आपल्याकडे आयुर्वेदानेही शोथाचा विस्ताराने विचार केला आहे, आणि माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

ही लक्षणे त्रासदायक असली, तरी त्यांच्यामागे शरीराचा हेतू संरक्षणाचा असतो. त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती किंचित सैल होतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. दाह झालाच नाही, तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावेल.

परंतु हाच रक्षक कधी मर्यादा सोडतो. रक्तात जंतू पसरून सर्व शरीरभर एकाच वेळी दाह भडकला, की रक्तदाब कोसळतो आणि एकेक इंद्रिय निकामी होत जाते. याला वैद्यक सेप्टिक शॉक म्हणते. उलट ऱ्हुमॅटॉइड संधिवातात कोणताही जंतू समोर नसताना सांध्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो, कूर्चा झिजते आणि हाडे कुरतडली जातात. एक वणवा आहे, दुसरी धग आहे. या दोन्हींच्या मुळाशी एकच निरोप्या असेल काय, असा प्रश्न १९८० नंतरच्या दशकात संशोधकांपुढे उभा राहिला.

निरोप्याचा शोध

या निरोप्याची कथा जुनी आहे. न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम कोली यांच्या पाहण्यात असे आले होते, की तीव्र संसर्गाचा ताप येऊन गेल्यावर क्वचित एखाद्या कर्करोग्याची गाठ आपोआप विरते. म्हणून १८९१ पासून त्यांनी काही कर्करोग्यांना मुद्दाम जिवाणू टोचले, आणि पुढे मारलेल्या जिवाणूंचे मिश्रण वापरले. परिणाम बेभरवशाचे होते, पण निरीक्षण खरे होते.

त्याचा धागा १९७५ साली न्यूयॉर्कमध्येच एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेला. त्यांनी उंदरांना प्रथम बीसीजी टोचली आणि नंतर जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विष दिले. त्या उंदरांच्या रक्तातील रक्तजल दुसऱ्या, अंगावर गाठ असलेल्या उंदरांना टोचले, तेव्हा त्या गाठी आतून मृत होऊ लागल्या. एंडोटॉक्सिन स्वतः गाठ मारीत नव्हते. त्याच्यामुळे शरीराने निर्माण केलेला एक पदार्थ ते काम करीत होता. त्या पदार्थाला त्यांनी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मृत करणारा घटक, असे नाव दिले. आपण त्याला थोडक्यात टीएनएफ म्हणू.

त्याच काळात त्याच शहरातील रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि ब्रूस बॉइटलर एका वेगळ्याच प्रश्नामागे होते. दीर्घ आजारात प्राणी झिजून झिजून का मरतो? त्यांनी झिजविणारा पदार्थ शुद्ध केला आणि त्याला काकेक्टिन म्हटले. १९८४ साली टीएनएफचे जनुक हाती आले, आणि १९८५ मध्ये स्पष्ट झाले की काकेक्टिन आणि टीएनएफ हे एकच प्रथिन आहे. ज्याला एकाने मित्र म्हणून शोधले आणि दुसऱ्याने शत्रू म्हणून, तो एकच निघाला. दाहाचे सगळे कोडे या एका वाक्यात सामावले आहे, असे मला वाटते.

ऐकणारा कोण?

टीएनएफ हे लहानसे प्रथिन आहे. त्याचा एकेक घटक १५७ अमिनो आम्लांचा, आणि असे तीन घटक एकमेकांना बिलगून त्याचे कार्यक्षम रूप तयार होते. परंतु निरोप कितीही महत्त्वाचा असला, तरी तो ऐकणारा हवा. पेशीच्या पटलात रुतून बसलेले ग्राही प्रथिन हा तो ऐकणारा. त्याचा एक भाग पेशीच्या बाहेर असतो, एक भाग पटल ओलांडतो आणि एक भाग आत असतो. टीएनएफसाठी माणसाच्या पेशींवर असे दोन प्रकारचे ग्राही आहेत.

१९९३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने यांतील एका ग्राहीची जोडणी प्रत्यक्ष दिसली. टीएनएफचे भावंड असलेल्या एका प्रथिनाभोवती तीन ग्राही तीन बाजूंनी खाचांत बसलेले होते. बाहेर तिघे जवळ आले, की त्यांची आतली टोकेही जवळ येतात, आणि तेथून पेशीच्या केंद्रकापर्यंत आज्ञांची मालिका सुरू होते. निरोप्या स्वतः आत शिरत नाही. तो तिघांना फक्त एकत्र आणतो.

आता गंमत पाहा. ग्राही जर पटलात पक्का रुतलेला असेल, तर तो बाहेर मोकळा सापडण्याचे कारण नाही. परंतु १९८८ साली जिनिव्हातील संशोधकांना ताप आलेल्या रुग्णांच्या मूत्रात टीएनएफचे काम थोपविणारा एक पदार्थ आढळला. १९८९ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेत डेव्हिड वालाख यांच्या गटाने मानवी मूत्रातूनच टीएनएफला चिकटणारे प्रथिन शुद्ध केले. स्वीडनमधील लुंड येथेही तसेच काम झाले. १९९० मध्ये ग्राहींची जनुके हाती आली आणि उलगडा झाला, की मूत्रातला तो पदार्थ म्हणजे ग्राहीचाच बाहेरचा भाग होता. दाह वाढला, की शरीर स्वतःच ग्राहीची टोके कापून रक्तात सोडते. ती मोकळी टोके टीएनएफला वाटेतच अडवतात आणि पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. दाह पेटविण्याबरोबरच तो विझविण्याची तजवीजही शरीराने केलेली असते.

एवढेच नव्हे, तर ही युक्ती विषाणूंनीही उचलली आहे. सशांमध्ये गाठी निर्माण करणारा एक विषाणू टीएनएफच्या ग्राहीसारखे मोकळे प्रथिन स्वतः तयार करतो, हे १९९१ साली दिसून आले. त्याच कुळातील देवीच्या विषाणूजवळही असेच जनुक आहे. आपल्या आजी-पणजींनी ज्या देवीपुढे हात जोडले, त्या रोगाचा विषाणू माणसाच्या प्रतिकारयंत्रणेचा कान चोरून तिलाच बहिरे करीत होता.

प्रयोगशाळेत ग्राही कसा घडतो

मूत्रातून मिळणारे प्रथिन अत्यल्प. संशोधनाला ते पुरत नाही आणि प्रत्येक वेळी सारखेही नसते. म्हणून पुनर्संयोजित प्रथिनाची गरज भासली. एका जिवाचे जनुक दुसऱ्या जिवाच्या पेशीत घालून तिच्याकडून प्रथिन करवून घ्यायचे, याला आपण पुनर्संयोजन म्हणतो. जनुके अशी जोडून जिवाणूत वाढविण्याचे तंत्र १९७३ साली सिद्ध झाले आणि १९८२ मध्ये अशा रीतीने बनविलेले मानवी इन्सुलिन औषध म्हणून मान्य झाले. आपल्या शहराचाही या तंत्राशी जवळचा संबंध आहे. पुनर्संयोजित तंत्राने बनविलेली भारताची पहिली कावीळ-ब प्रतिबंधक लस १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टच्या पेशींत तयार केली.

ग्राही घडविताना मात्र काही विशेष अडचणी येतात. पहिली म्हणजे, पटलात रुतणारा भाग तेलकट असतो आणि पाण्यात विरघळत नाही. म्हणून जनुकाचा फक्त बाहेरच्या भागापुरता तुकडा घेतात. दुसरी अडचण घडीची. टीएनएफच्या ग्राहीत गंधकयुक्त सिस्टीन अमिनो आम्ले पुष्कळ असतात आणि त्यांच्या जोड्या योग्य ठिकाणी जुळल्या, तरच प्रथिनाला खरा आकार येतो. शिवाय त्यावर साखरेच्या साखळ्या चढलेल्या असतात. आपल्या आतड्यात राहणारा कोलाय जिवाणू झपाट्याने वाढतो आणि स्वस्तात प्रथिन देतो, पण त्याला हे काम नीट साधत नाही. म्हणून बहुतेक वेळा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ साली वाढविलेल्या पेशी आणि १९७३ साली नेदरलँड्समधील लायडन येथे तयार झालेल्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशी, या दोहोंवर आज या क्षेत्राचा मोठा भार आहे.

तिसरी अडचण टिकाऊपणाची. एकटे ग्राही-टोक रक्तातून लवकर निघून जाते आणि त्याची पकडही बेताची असते. त्यावर उपाय म्हणून ग्राहीच्या जनुकाला मानवी प्रतिपिंडाच्या शेपटीचे जनुक जोडतात. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय या अक्षरासारखा असतो. त्याचे दोन्ही हात काढून तेथे ग्राहीची दोन टोके बसविली, असे समजा. दोन हातांनी धरलेली वस्तू एका हाताने धरलेल्या वस्तूपेक्षा सहज सुटत नाही. पुढे औषध म्हणून प्रसिद्ध झालेले एटानरसेप्ट हे असेच ९३४ अमिनो आम्लांचे जोडप्रथिन आहे. या शेपटीचा आणखी एक फायदा होतो. स्टॅफिलोकोकस जिवाणूचे 'प्रोटीन ए' नावाचे प्रथिन तिला घट्ट धरते. पेशींचे द्रावण प्रोटीन ए बसविलेल्या नळीतून सोडले, की आपले प्रथिन नळीत अडकते आणि बाकीचा पसारा वाहून जातो.

शेवटी हाती येते ती गोठवून वाळविलेल्या पांढऱ्या भुकटीची छोटीशी कुपी. तीत प्रथिन असते ते ग्रॅमच्या लाखाव्या-दहालाखाव्या भागांत मोजण्याइतके. ते नुसते असणे पुरेसे नाही. ते काम करते का, हेही पाहावे लागते. यासाठी एल-९२९ या उंदराच्या पेशी वापरतात. ठराविक परिस्थितीत टीएनएफ घातले की या पेशी मरतात. सोबत मोकळा ग्राही घातला की त्या वाचतात. निम्मा परिणाम थोपविण्यास किती प्रथिन लागले, यावरून कुपीची ताकद ठरते.

प्रथिन माणसाचेच का हवे, असे कोणी विचारील. उत्तर उद्बोधक आहे. मानवी टीएनएफ उंदराच्या पहिल्या प्रकारच्या ग्राहीला चिकटते, पण दुसऱ्याला चिकटत नाही. म्हणजे उंदराला मानवी टीएनएफ दिले, तर त्याच्या शरीरात अर्धाच निरोप ऐकला जाईल, आणि आपण त्यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढू. मानवी ग्राहीची चाचणी मानवी टीएनएफवर करता येते, हा या कुपीचा पहिला गुण.

कुपीतील अदृश्य भेसळ

आता मी माझ्या दृष्टीने या व्यवसायातील सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. टीएनएफच्या शोधात एंडोटॉक्सिनचा उल्लेख आला, तो आपल्याला आठवत असेल. काही जिवाणूंच्या आवरणातले हे विष दाहाचा अत्यंत तीव्र उद्दीपक आहे. कोलाय जिवाणूत प्रथिन तयार केले, की हे विष त्याच्याबरोबर येतेच. सस्तन पेशी वापरल्या, तरी पाण्यातून, काचेतून, हाताळणीतून ते शिरू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि साध्या उकळीने नाहीसे होईल, अशी खात्री नसते.

ते कोण ऐकते, हा प्रश्नही दीर्घकाळ अनुत्तरित होता. फळमाशीतील टोल नावाचे प्रथिन तिला बुरशीपासून वाचविते, हे जूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ साली दाखविले. १९९७ मध्ये रुस्लान मेझितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातील त्याचे भावंड शोधले. एंडोटॉक्सिनचा मुळीच परिणाम न होणारी उंदरांची एक जात होती. तिच्यातील दोष टीएलआर-४ या टोलसदृश ग्राहीच्या जनुकात आहे, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉइटलर यांनी सिद्ध केले. बॉइटलर आणि हॉफमन यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

आता विचार करा. माझ्यासमोर एक नवे प्रथिन आहे. ते मी पेशींवर घातले आणि पेशींनी टीएनएफ सोडले. हे प्रथिनामुळे झाले, की त्यासोबत आलेल्या एंडोटॉक्सिनच्या कणामुळे? दोघांचाही परिणाम अगदी सारखाच दिसतो. ही केवळ कल्पनेतली शंका नव्हे. ताणाच्या वेळी पेशीत निर्माण होणारी उष्माघात-प्रथिने स्वतःच दाहाचा निरोप देतात, असे अनेक निबंधांत मांडले गेले होते. २००३ साली गाओ आणि त्सान यांनी एंडोटॉक्सिन जवळजवळ नसलेली तशीच पुनर्संयोजित प्रथिने वापरली, तेव्हा टीएनएफ निघालेच नाही. जे प्रथिनाचे म्हणून सांगितले गेले, ते भेसळीचे होते.

आपल्या गुरुवर्यांची एक शिस्त येथे सांगावीशी वाटते. वर्गात प्रयोग दाखविताना ते नेहमी दोन परीक्षानळ्या घेत. एकीत अभिकारक घालत, दुसरीत घालत नसत. आम्हा मुलांना ती दुसरी नळी निरर्थक वाटे. पुढे प्रयोगशाळेत गेल्यावर कळले, की विज्ञान त्या दुसऱ्या नळीतच असते. आजही आम्ही प्रथिनाबरोबर नुसते द्रावण घातलेली, एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन घातलेली, आणि ग्राहीऐवजी फक्त शेपटीचे प्रथिन घातलेली पेशींची ताटली शेजारी ठेवतो. या तिन्ही ताटल्या अनुकूल साक्ष देतील, तेव्हाच पहिलीचे उत्तर ऐकावयाचे.

एंडोटॉक्सिन मोजण्याची रीत तर मोठी विलक्षण आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक प्राचीन समुद्रजीव आहे; लोक त्याला खेकडा म्हणत असले, तरी त्याचे नाते कोळ्यांशी अधिक जवळचे. त्याचे रक्त तांब्यामुळे निळसर असते आणि जिवाणूंच्या संपर्काने गोठते, हे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ साली नोंदविले. पुढे जॅक लेविन यांच्यासह त्यांनी ते एंडोटॉक्सिनमुळे होते हे दाखविले, आणि त्यातूनच आजची चाचणी निघाली. या प्राण्याचे भाऊबंद आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही आढळतात. त्यांच्या रक्तासाठी होणारी धरपकड टाळावी म्हणून सिंगापूरमधील संशोधकांनी त्या रक्तातील मुख्य प्रथिनच पुनर्संयोजित तंत्राने बनविले. २०२१ पासून युरोपच्या औषधसंहितेने त्या चाचणीला स्थान दिले आहे. एका पुनर्संयोजित प्रथिनाची शुद्धता दुसरे पुनर्संयोजित प्रथिन तपासते, असा हा योग आहे.

एक प्रथिन, दोन निकाल

आता मुख्य कसोटीकडे वळू. बॉइटलर आणि सेरामी यांनी १९८५ मध्ये दाखविले होते, की काकेक्टिनविरुद्धची प्रतिपिंडे आधी दिली, तर उंदीर एंडोटॉक्सिनच्या घातक मात्रेतूनही वाचतात. १९८७ मध्ये केव्हिन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांमध्ये तसेच दाखविले. तेव्हा सेप्टिक शॉकवर उपाय सापडला, असे वाटू लागले. मोकळा ग्राही हाती येताच त्याची रुग्णांवर चाचणी झाली आणि १९९६ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला.

सेप्टिक शॉकच्या १४१ रुग्णांची विभागणी केलेली होती. ज्यांना औषधाविना द्रावण दिले, त्या ३३ पैकी १० जण दगावले. लहान मात्रेच्या ३० पैकी ९, मध्यम मात्रेच्या २९ पैकी १४ आणि मोठ्या मात्रेच्या ४९ पैकी २६ जण दगावले. शेकडेवारीत मांडले, तर ३०, ३०, ४८ आणि ५३. मात्रा वाढविली तसे मृत्यूचे प्रमाण चढत गेले. प्रथिन शुद्ध होते, त्याची पकड उत्तम होती; तरीही परिणाम हा झाला.

असे का व्हावे? एक कारण वेळेचे. प्राण्यांच्या त्या प्रयोगांत संरक्षक प्रतिपिंडे विषाच्या किंवा जंतूंच्या आधी दिलेली होती. रुग्ण मात्र जंतू पसरल्यानंतर रुग्णालयात येतो, आणि तोवर टीएनएफची पहिली लाट बहुधा ओसरलेली असते. दुसरे कारण असे, की जंतू जिवंत असताना टीएनएफला अडविणे म्हणजे चोर घरात असताना पहारेकऱ्याचे हात बांधणे. तिसरी शक्यता ही, की मोकळा ग्राही टीएनएफला नष्ट करीत नाही, धरून ठेवतो. आणि धरलेले पुढे सुटूही शकते. काचेच्या ताटलीने ग्राहीबद्दल खोटे सांगितले नव्हते. ताटलीत काळ नव्हता, जंतू नव्हते आणि रुग्ण नव्हता, एवढेच.

दुसरा निकाल लंडनमध्ये सुरू होतो. तेथे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे संधिवाताचा अभ्यास करीत होते. मैनी यांचा जन्म आपल्याच देशात, लुधियाना येथे, १९३७ साली झाला. रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी त्यांनी ताटलीत वाढविल्या. त्या पेशी दाहाचे अनेक निरोप सोडीत होत्या. त्यांतील केवळ टीएनएफ अडविले, तेव्हा इंटरल्यूकिन-१ हा दुसरा बलवान निरोपही मंदावला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने सांगितले, की या रोगात टीएनएफ हे साखळीच्या वरच्या टोकाला आहे. येथे ताटलीतील पेशी रुग्णाच्याच रोगाच्या होत्या, आणि जंतू मुळात नव्हते. १९९२ मध्ये टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन रुग्णांवर उपचार सुरू झाले, आणि वर्षानुवर्षे जखडलेले लोक काही आठवड्यांत हिंडूफिरू लागले. फेल्डमन आणि मैनी यांना २००३ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि मोकळ्या ग्राहीचे काय झाले? सेप्टिक शॉकमध्ये अपयशी ठरलेले तेच जोडप्रथिन संधिवातासाठी तपासले गेले. १८० रुग्णांच्या चाचणीचा निकाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर मोठ्या मात्रेच्या गटातील ७५ टक्के रुग्णांची लक्षणे किमान वीस टक्क्यांनी कमी झाली; औषधाविना द्रावण घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत एटानरसेप्टला मान्यता मिळाली. भारतातही आज ते तयार होते. प्रथिन तेच, ग्राही तोच, शेपटी तीच. प्रश्न मात्र वेगळा होता, आणि म्हणून उत्तरही वेगळे आले.

तिसरी कसोटी आपल्या दारातील आहे. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या फुप्फुसात सुप्त असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती कडे करून त्यांना कोंडून ठेवतात, आणि ते कडे टिकविण्यास टीएनएफ लागते. टीएनएफविरोधी प्रतिपिंड घेणाऱ्यांमध्ये क्षय उफाळून आल्याची ७० प्रकरणे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात नोंदविली गेली. मोकळ्या ग्राहीने हा धोका त्यामानाने कमी असतो, पण असतोच. म्हणून अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. क्षयाचा भार वाहणाऱ्या आपल्या देशात ही तपासणी म्हणजे औपचारिकता नव्हे. ती उपचाराचाच भाग आहे.

समारोप

मित्रहो, या सर्व कथेतून मला जे सांगावयाचे आहे, ते थोडक्यात असे. ग्राही पेशीपासून सोडविला, म्हणून आपण दाहाला प्रश्न विचारू शकलो. परंतु कुपीतले प्रथिन स्वतः काही शिकवीत नाही. प्रश्न नेमका असावा लागतो, प्रथिन भेसळमुक्त असावे लागते, शेजारी दुसरी ताटली असावी लागते, आणि ताटलीत काय नाही याचे भान सुटता कामा नये. यांपैकी एक जरी ढळले, तरी त्याची किंमत कोणातरी रुग्णाला मोजावी लागते. मोठ्या मात्रेच्या गटातील ते २६ जण आकड्यात मावतात, पण ते कोणाचे तरी आईवडील, कोणाची तरी मुले होते. तो निकाल न दडविता जसाच्या तसा प्रसिद्ध झाला, म्हणून पुढच्यांना मार्ग दिसला. यशाइतकेच अपयशही स्पष्टपणे नोंदविणे हा विज्ञानाचा धर्म आहे.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या याच शहरातील प्रयोगशाळांत काम करतील. साधने तुम्हांला आमच्यापेक्षा उत्तम मिळतील; कुपी मागविली, की दारात येईल. मात्र दुसरी परीक्षानळी ठेवण्याची सवय कुठल्याही कुपीत मिळत नाही. ती शाळेतच लागावी लागते, आणि या शाळेत ती लावली जात होती, याचा मला अभिमान आहे.